टोमॅटो, लघुफळी उष्णतासह

कडक उन्हाळ्यात व दमट पावसाळ्यातही ज्यांना थोडीबहुत फळधारणा होते अशा, लहान फळांच्या टोमॅटो-प्रकारांना ही संज्ञा लावतात. यांची फळे बोरापासून मोठ्या लिंबाएवढी, साधारणपणे १० ते ५० ग्रॅ. वजनाची असून ती घोसाने येतात. महाराष्ट्रातील खेड्यांत ‘गावरान टमाटे’ या नावाने जे झाड ओळखले जाते ते बहुधा याच गटातील असते. टोमॅटोला मराठीत वेलवांगे असे जुने नाव आहे. मोठ्या फळांच्या प्रकारांना ते फारसे शोभत नाही, परंतु मांडवावर किंवा कुंपणावर पसरणाऱ्या लघुफळी प्रकारांचे त्यात यथार्थ वर्णन आहे. ‘उष्णतासह’ या शब्दाने मात्र गैरसमज होण्याचा संभव असतो. अति उष्ण दिवसांत भरपूर फळे धरणारा टोमॅटो असा त्याचा अर्थ नसून, इतर प्रकारांपेक्षा काही आठवडे अधिक फळे धरणारा आणि न धरणारा काळ जिवंतपणे काढून पुन्हा बहरणारा टोमॅटो, इतकाच तो आहे. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या भागात उन्हाळी टोमॅटोचे यश या फरकावर अवलंबून असते.

वनस्पतिवैज्ञानिक दृष्ट्या ही झाडे सोलॅनम लायकोपर्सिकम या जातीत येतात. पूर्वीच्या ग्रंथांत हिचा उल्लेख लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम असा आढळतो. चेरीएवढ्या फळांच्या प्रकाराला सेरासीफॉर्मे असे नाव असून मोठ्या फळांचे लागवडीतील प्रकार त्यापासूनच मेक्सिकोत विकसित झाले, असे मानतात. सोलॅनम पिंपिनेलिफोलियम ही पेरू व एक्वादोर येथील वन्य जाती यांची जवळची नातलग होय. तिचे फळ सु. १ सेंमी. व्यासाचे असते. फळाचे आकारमान अनेक जनुकांवर अवलंबून असते. त्यांपैकी एक महत्त्वाचे जनुक २००० साली निश्चितपणे ओळखण्यात आले, तर टोमॅटोच्या संपूर्ण जीनोमाचा (जनुकसमूहाचा) आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाने शतकानुशतके मोठ्या फळांचीच निवड केली. त्या निवडीत उष्णता सोसण्याचा गुण मागे पडला की नाही, हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांतच गांभीर्याने घेतला गेला.

पालमचे हवामान : पालम हा परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, गोदावरीच्या दक्षिणेकडील तालुका होय. नदीकाठची भारी काळी जमीन आणि बालाघाटाच्या टेकड्यांलगतची हलकी, मुरमाड जमीन असे दोन ठळक प्रकार येथे आढळतात. दिग्रस येथील गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे काठच्या काही गावांना पाण्याचा आधार मिळाला. इतरत्र विहीर व कूपनलिका यांवरच भिस्त आहे. मे महिन्यात दिवसाचे तापमान नेहमीच ४०° से.च्या वर जाते व रात्रीचेही २५° से.च्या आसपास राहते. हवा या काळात अत्यंत कोरडी असते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू झाल्यावर चित्र पालटते. दिवसाचे तापमान ३० ते ३२° से.पर्यंत उतरते, रात्री २२ ते २३° से. राहते आणि सकाळची आर्द्रता शेकडा ८० च्या वर जाते. वर्षाच्या एकूण पावसापैकी बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणजे टोमॅटोच्या झाडाला येथे एकाच वर्षात दोन भिन्न संकटांना तोंड द्यावे लागते. एक कोरड्या उष्णतेचे आणि दुसरे दमट उष्णतेचे. कोकणात फक्त दुसरे असते. दोहोंवरील उपाय सारखे नाहीत, हे लक्षात न घेता केलेल्या शिफारशी येथे निरुपयोगी ठरतात.

उष्णतेचा परिणाम : टोमॅटोचे झाड ४०° से. तापमानात मरत नाही. पाणी असेल तर ते हिरवेगार राहते, फुलेही येतात. पण फुले देठाच्या सांध्यापासून पिवळी पडून गळतात. शेतकरी याला ‘फूलगळ’ म्हणतात आणि पुष्कळदा खताचा किंवा औषधाचा दोष मानतात. खरे कारण फूल उमलण्यापूर्वीच घडून गेलेले असते. कळीत पराग तयार होताना पेशींचे न्यूनीकरण विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) फूल उमलण्याच्या आधी सु. ८ ते ९ दिवस होते. या काळात सलग दोन दिवस काही तास जरी ४०° से. तापमान राहिले, तरी बहुतेक परागकण वांझ निघतात. नंतरच्या टप्प्यात परागकणांत स्टार्चचा साठा व्हावयाचा असतो व फूल उमलताना त्याची शर्करा व्हावयाची असते. उष्णतेत हा साठाच अपुरा पडतो. त्यामुळे आज गळालेल्या फुलाचे कारण आजच्या उन्हात शोधणे व्यर्थ असते. ते मागच्या आठवड्याच्या तापमानात सापडते.

दिवसाच्या उष्णतेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व रात्रीच्या तापमानाला आहे. सर्वसाधारण प्रकारांत रात्रीचे तापमान १५ ते २०° से. असताना फळे उत्तम धरतात. ते २१ ते २२° से.च्या वर गेले की प्रमाण घसरू लागते. रात्री उष्ण असल्यास श्वसनाचा वेग वाढतो आणि दिवसा प्रकाशसंश्लेषणाने मिळविलेली शर्करा फुलापर्यंत पोहोचण्याऐवजी खर्ची पडते. दिवस व रात्र मिळून सरासरी तापमान २५ ते २६° से.च्या पुढे गेल्यास परागाची प्रत खालावते असे प्रयोगांत आढळले आहे. पालममध्ये मे महिन्याची सरासरी याहून कितीतरी अधिक असते. म्हणूनच मे महिन्यात उघड्या शेतात भरपूर फळे धरविण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही बियाण्याबाबत सावध राहणे श्रेयस्कर होय.

फुलाच्या रचनेचाही यात भाग आहे. टोमॅटोचे परागकोश एकत्र येऊन त्यांचा शंकू बनतो आणि किंजल्क (स्त्री-केसराचा टोकाचा चिकट भाग) सामान्यतः त्या शंकूच्या आत असतो. त्यामुळे वाऱ्याने किंवा माशांच्या गुणगुणाटाने फूल हलले की स्वपरागण होते. उष्णतेत किंजल लांबतो, किंजल्क शंकूबाहेर येतो आणि स्वतःच्याच परागाला मुकतो. शिवाय कोरड्या हवेत तो सुकतो. दमट हवेत उलट घडते. किंजल्क ओला राहतो, पण परागकण एकमेकांना चिकटून गोळा होतात व शंकूतून सुटतच नाहीत. आर्द्रता शेकडा ५० ते ७० असणे फलनास सर्वांत सोयीचे असते. पालमच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर हलके पाणी दिल्याने झाडांजवळची हवा थोडी दमट होते. पावसाळ्यात मात्र ओळींतील अंतर वाढवून हवा खेळती ठेवावी लागते. दमट दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पाने सुकल्यावर, आधाराची तार किंवा काठी हलक्या हाताने हलविल्याने पराग सुटण्यास मदत होते. हा उपाय बिनखर्ची असून परसातील चार-दहा झाडांना सहज करता येतो.

फळ लहान असण्याचा लाभ : लघुफळी झाडाचा प्रत्येक परागकण अधिक काटक असतोच असे नाही. त्याचे सामर्थ्य बरेचसे संख्येत आहे. मोठ्या फळांच्या प्रकारात एका घोसात ४ ते ६ फुले असतात. लघुफळीत १० ते २० किंवा त्याहूनही अधिक. शंभरातील ऐंशी फुले गळाली तरी लघुफळीच्या घोसावर दोन-चार फळे उरतात, मोठ्या फळाच्या घोसावर एखादे किंवा एकही नाही. दुसरे असे की, फळाची वाढ त्यातील बियांच्या संख्येशी निगडित असते. मोठ्या फळाला शेकडो बिया धराव्या लागतात. त्या न धरल्यास फळ वेडेवाकडे, पोकळ व कप्प्याकप्प्यांचे होते. लहान फळ थोड्या बियांवरही सुबक वाढते. तिसरे, ते फुलापासून सु. ३५ ते ४५ दिवसांत पिकते, म्हणजे मोठ्या फळाच्या तुलनेत एक-दोन आठवडे आधी. मार्चच्या अखेरीस धरलेले फळ मेच्या कडक उन्हापूर्वी हाती येते.

तैवानमधील आशियाई भाजीपाला संशोधन व विकास केंद्राने (स्थापना १९७१, पुढे जागतिक भाजीपाला केंद्र) सत्तरच्या दशकात हजारो टोमॅटो-नमुन्यांची उष्ण हवामानात चाचणी घेतली. त्यांतील शेकडा एकाहूनही कमी नमुने उष्णतासह निघाले आणि जे निघाले त्यांत लहान फळांचे बरेच होते. फिलिपीन्समधील ‘नागकार्लान’ हा स्थानिक, लहान फळांचा प्रकार अशा संकरांसाठी जनक म्हणून वापरात आला. उष्णतासहता व मोठे फळ हे दोन गुण एकत्र आणण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. त्यांना यश आले आहे, परंतु अंशतःच. फळ जसजसे मोठे करीत जावे तसतशी उष्णतेतील धारणा कमी होत जाते, असा पैदासकारांचा वारंवार अनुभव आहे.

वाण : नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ हा ठेंगणा वाण ६ ते ३०° से. इतक्या रुंद पल्ल्यातील रात्रीच्या तापमानात फळे धरतो, तर ‘पुसा संकर १’ हा २८° से.पर्यंतच्या रात्री सोसतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का विकास’ कमी पाण्यात तग धरतो. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). ‘परभणी यशश्री’ हा वाण त्याचाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भाग्यश्री’, ‘धनश्री’, ‘राजश्री’ हे वाण दिले. शहरी उपाहारगृहांसाठी विकले जाणारे बहुतेक चेरी संकरज मात्र हरितगृहासाठी तयार केलेले असतात. त्यांचे बी महाग असते आणि लहान फळ म्हणजे उष्णतासह झाड असे त्यांच्याबाबत गृहीत धरता येत नाही.

हंगाम व लागवड : उन्हाळी पिकाचे गणित फुलांच्या वेळेवर बसवावे लागते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बी टाकून जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे लावल्यास पहिले चार-पाच घोस मार्चमध्ये, रात्री अजून सुसह्य असताना, धरतात. त्यांची फळे एप्रिल-मेमध्ये मिळतात. लागवड मार्चपर्यंत लांबल्यास झाड वाढते, फुलते आणि पाणी पिते, फळ मात्र देत नाही; पालमसारख्या भागात उन्हाळ्यातील पाण्याचे मोल पाहता ही चूक परवडणारी नसते. मे महिन्यात सतत वाढणाऱ्या (टोकाशी फुलोरा येऊन न थांबणाऱ्या) लघुफळी प्रकारांना फळाची अपेक्षा न ठेवता केवळ जगण्यापुरते पाणी द्यावे. पहिल्या पावसानंतर वाळक्या फांद्या छाटून थोडे खत दिले की ती पुन्हा फुटतात व जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा बहर येतो. ठेंगण्या प्रकारांत ही क्षमता नसते. पावसाळी पिकासाठी स्वतंत्र रोपे जूनच्या अखेरीस किंवा जुलैत लावतात.

सुधारित वाणाचे बी हेक्टरी ४०० ते ५०० ग्रॅ., तर संकरजाचे १२५ ते १५० ग्रॅ. लागते. पसरट वाढीमुळे लघुफळी प्रकारांना ९० सेंमी. अंतराच्या ओळी अपुऱ्या पडतात. पावसाळ्यात १२० सेंमी. अंतर ठेवणे बरे. आधारासाठी बांबू विकत घेणे प्रत्येकाला जमत नाही. तुराट्या व पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) यांचे ताटवे किंवा बांधावरील शेवरीच्या काठ्या कमी उंचीच्या प्रकारांना पुरतात. पऱ्हाट्या वापरताना त्यांवर बोंडअळ्यांचे कोश नाहीत हे पाहून घ्यावे. ज्या बाजूने उष्ण वारा येतो, त्या बाजूस शेवरीची किंवा मक्याची दाट ओळ लावावी. फळांवर पानांची सावली राहील अशा बेताने छाटणी करावी. थंड हवामानातील पुस्तकांत सांगितलेली बगलफुटी काढण्याची पद्धत येथे उन्हाळ्यात हानिकारक ठरते. उघडे पडलेले फळ भाजून त्यावर पांढरट, कातडीसारखा डाग पडतो.

काळ्या जमिनीत पाण्याचे नियोजन हीच सर्वांत अवघड बाब होय. ती पावसाळ्यात फुगते व पाणी धरून ठेवते. टोमॅटोच्या मुळांना साचलेले पाणी एक-दोन दिवसही सोसत नाही. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून मुळे तोडते. म्हणून २० ते ३० सेंमी. उंचीचे गादीवाफे आणि त्यांवर सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट किंवा गवत यांचे आच्छादन हा दोन्ही ऋतूंस सोयीचा मार्ग आहे. आच्छादनाने मुळांभोवतीचे तापमान उतरते व पाणी वाचते. फळाच्या तळाशी काळा, खोलगट डाग पडतो तो कॅल्शियमाच्या अभावाने, असे सांगून चुनखत विकले जाते. काळ्या जमिनीत चुना मुळातच भरपूर असतो. उणीव असते ती पाण्याच्या नियमितपणाची, कारण पाण्याबरोबरच कॅल्शियम फळापर्यंत जाते. ठिबक सिंचनाने रोज थोडे पाणी दिल्यास हा विकार पुष्कळसा टळतो. नत्राचा अतिरेकही टाळावा. त्याने पाने माजतात आणि फुले अधिकच गळतात.

जेथे पाणी साचणे अटळ आहे तेथे वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम करण्याची पद्धत पूर्व आशियात रूढ आहे. वांग्याची मुळे साचलेले पाणी काही दिवस सोसतात आणि सूक्ष्मजंतुजन्य मर रोगालाही दाद देत नाहीत. हा रोग कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत विशेष आढळतो. पालमच्या अल्कधर्मी काळ्या जमिनीत त्याची भीती तुलनेने कमी असते. येथे खरा शत्रू पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ (बोकड्या) हा विषाणुजन्य रोग आहे. कपाशी उपटली जाते त्याच सुमारास उन्हाळी टोमॅटोची रोपे कोवळी असतात आणि आश्रय गमावलेली माशी त्यांच्यावर येते. रोपवाटिका पहिले २५ दिवस नायलॉनच्या बारीक जाळीखाली ठेवणे हा सर्व फवारण्यांहून खात्रीचा उपाय होय. पाने व फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकी अळी भारतात प्रथम २०१४ मध्ये, महाराष्ट्रातच, आढळली. तिच्यासाठी कामगंध सापळे वापरतात.

फळाचा रंग : उन्हाळ्यातील फळ पिकूनही पिवळट-नारिंगी राहते, ही ग्राहकांची तक्रार असते. तांबडा रंग देणारे लायकोपीन हे रंजकद्रव्य साधारण ३०° से.च्या वर तयार होत नाही. पिवळे कॅरोटीन मात्र होत राहते. फळाच्या टोकाशी गुलाबी छटा येताच ते तोडून सावलीत, हवेशीर जागी गवतावर पसरावे. तीन-चार दिवसांत ते चांगले लाल होते. विषाणूंमुळेही रंग विषम येतो. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव परिसरात फळांवर विविधरंगी डाग पडून मोठे नुकसान झाले, तेव्हा बंगळूर येथील तपासणीत काकडीवरील केवडा रोगाचा विषाणू प्रामुख्याने आढळला होता. उष्णतेने पडलेला फरक सावलीत पिकविल्यास आढळत नाही, विषाणूचा आढळतो. शेतकऱ्याला दोन्ही ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

काढणी व विक्री : लघुफळी टोमॅटोची साल पातळ असते. पावसाच्या उघडिपीनंतर मोठी सर आली की फळे तडकतात, म्हणून पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तोडणी करावी. काढणीस मजुरी अधिक लागते आणि लांबच्या बाजारपेठेसाठी क्रेटमध्ये भरून पाठविल्यास खालची फळे दबतात. मोठ्या बाजार समित्यांत टणक, लांबट संकरज फळांनाच भाव असल्याने व्यापारी या मालाकडे पाठ फिरवितात. त्यामुळे याची विक्री मुख्यत्वे आठवडी बाजारात व गावातल्या गावात होते. तेथे त्याच्या आंबटपणाला मागणी असते. ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या चटणीस व आमटीस गावरान टमाटाच हवा, असे सांगणारी कुटुंबे आहेत. मे-जूनमध्ये बाहेरून येणारी भाजी महाग होते, तेव्हा परसातील पाच-सहा झाडे घरची गरज भागवितात. एकरी उत्पन्नाच्या तक्त्यात हा लाभ दिसत नाही.

बी राखणे : न्हाणीच्या सांडपाण्यावर, उकिरड्याच्या कडेला किंवा विहिरीच्या थारोळ्याजवळ आपोआप उगवणारी गावरान झाडे अनेक पिढ्या त्याच उन्हात निवडली गेलेली असल्याने पैदासीच्या दृष्टीने मोलाची आहेत. संकरज बियाण्याचा प्रसार वाढल्यापासून ती झपाट्याने कमी होत आहेत. त्यांचे बी राखताना सर्वांत मोठे फळ निवडण्याची सवय सोडावी लागते. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुललेल्या घोसांवर ज्या झाडाने फळे धरली त्या झाडाला दोरा बांधून खूण करावी व त्याच घोसांतील बी घ्यावे. उष्णतेत किंजल्क बाहेर आलेला असल्याने शेजारच्या प्रकारांचा पराग लागण्याचा संभव असतो. यासाठी इतर टोमॅटोंपासून ५० मी. अंतर ठेवावे किंवा कळ्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. पिकलेल्या फळाचा गर एक-दोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत सुकवितात. कोरड्या, हवाबंद डब्यात ते तीन-चार वर्षे उगवण्याजोगे राहते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार असे बी राखण्याचा, वापरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. तसेच आपला वाण शेतकरी-वाण म्हणून नोंदविण्याचीही त्यात तरतूद आहे.